धुण्याचा दगड

भिवंडी तालुक्यातल्या निम्म्या इमारती आमच्या मामेसासऱ्यांच्या आहेत. त्यांतली एकही त्यांच्या नावावर नाही आणि एकीतही त्यांना कुणी ओळखत नाही, पण त्यामुळे आपल्या मालकीत काही उणं येतं असं त्यांना वाटत नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. कोन गावाच्या पुढे आत वळलं की त्यांचं गाव. गावामागे एक टेकडी होती, टेकडीत मामांची दगडाची खाण होती, आणि त्यांच्या उमेदीच्या काळात आसपास जे काही उभं राहिलं त्याच्या पायात याच टेकडीचा दगड गेला. त्यामुळे मामांबरोबर कुठेही निघालं की वेळेवर पोचायची आशा सोडावी लागते. शाळेच्या जोत्यापाशी ते थांबतात, देवळाच्या पायरीपाशी थांबतात, पुलाच्या कठड्यापाशी तर हमखास थांबतात. तळहाताने दगड थोपटतात आणि विचारतात, "बरा हाय ना?" सुरुवातीला मला वाटायचं, हे मलाच विचारतायत. मी आपला "बरा आहे मामा, तुमचं कसं?" म्हणायचो. पुढे लक्षात आलं की त्या संभाषणात माझी गरजच नव्हती. एकदा राहनाळला जाताना एका गोदामाच्या जुन्या कुंपणापाशी त्यांनी रिक्षा थांबवली, तेव्हा रिक्षावाला वैतागून म्हणाला, "चाचा, पत्थर से बात कर रहे हो क्या?" मामा शांतपणे म्हणाले, "हां. वो तेरे जैसा हॉर्न नहीं बजाता."

दगड पाहायचा नसतो, ऐकायचा असतो, हे त्यांचं ठाम मत. बोटाच्या पेराने ठोकायचं आणि कान लावायचा. खणखणीत आवाज आला तर दगड जिवंत, बद्द आला तर मुका. ही परीक्षा ते जगातल्या कुठल्याही भिंतीची घेतात. माझ्या मेव्हण्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा आम्ही त्याला बघायला भिवंडीतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या भिंतीला दगडासारख्या दिसणाऱ्या फरश्या लावलेल्या. मामा ठोकत ठोकत पार डॉक्टरांच्या खोलीपर्यंत पोचले. आतून डॉक्टर दोनदा "या, या" म्हणाले, तिसऱ्यांदा स्वतःच दार उघडून बाहेर आले. मामांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टर, फसलात. यो दगड न्हाय, दगडाचा फोटो हाय." मेव्हण्याची चौकशी करायची राहूनच गेली.

लग्नाचा आहेर म्हणून मामा पाटा-वरवंटा देतात. मुलगी चौथ्या मजल्यावर राहणार असो नाहीतर दुबईला, पाटा ठरलेला. आमच्या लग्नात दोन माणसांनी तो उचलून स्टेजवर आणला तेव्हा स्टेजच्या फळ्या अशा करकरल्या की भटजींनी मंत्र मध्येच थांबवला. आमच्याकडे मिक्सर असल्याने त्या पाट्यावर आजतागायत खोबऱ्याचा तुकडासुद्धा वाटला गेलेला नाही. पण मामा यायचे म्हटलं की बायको घाईघाईने त्याला हळद फासून ठेवते. मामा आले की आधी पाट्यावरून बोट फिरवतात, बोट पिवळं झालं की खूष होतात आणि मग चहा घेतात.

खडीचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. क्रशरला ते गिरणी म्हणतात आणि खडीला दळण. पुढे पुढे घडीव दगड कुणी विचारीना, तेव्हा मामांनाही आपला माल क्रशरलाच द्यावा लागला, आणि बघता बघता टेकडी गोदामांच्या जमिनीत आणि हायवेच्या डांबराखाली निघून गेली. हा विषय निघाला की मामा पाणी प्यायला आत जातात.

आणि एवढ्या सगळ्या दगडांच्या धन्याच्या घरी मामी मात्र जन्मभर सिमेंटच्या कोब्यावर कपडे आपटत होत्या. मामी अंगाने किरकोळ, जीभ मात्र कुऱ्हाडीची. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांचं नवऱ्याकडे एकच मागणं होतं: मागच्या दारी नळापाशी धुण्याचा एक चांगला दगड. साडी नको, पाटल्या नकोत, दगड. मामांनी नाही कधीच म्हटलं नाही. कितीदा तरी खाणीतून दगड आणला, अंगणात टाकला, चारी बाजूंनी ठोकला आणि परत पाठवला. एक मुका निघाला, एकाचा रंग उतरलेला, एकाची कड मामींच्या पायाला लागेल अशी. एकदा खरोखरच निर्दोष दगड मिळाला, तर तो गावच्या देवळाच्या पायरीला गेला. "देवाला न्हाय कसा म्हनू?" मामा म्हणाले. मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा जावईबापू, सगल्या गावाच्या पायाखाली यांचा दगड. मीच तेवरी शिमिटावर."

मला बरीच वर्षं वाटत होतं की मामा विसरभोळे आहेत, किंवा बायकोच्या बाबतीत जरा चिकट. तसं नव्हतं. बाहेरच्या माणसाला चालेल असा दगड त्यांना ढिगाने सापडत होता. मामींना शोभेल असा सापडत नव्हता, एवढंच. पण हे त्यांनी मामींना कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडचे नवरे असल्या गोष्टी सांगत नाहीत.

गेल्या वर्षी टेकडी संपली. खड्ड्यासकट जमीन गोदामाला गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून खड्डा बुजवायचं काम सुरू होणार होतं. दुपारी मामांचा फोन आला, "जावईबापू, टेम्पो घेऊन या." माझा कापडाचे तागे वाहायचा छोटा टेम्पो आहे. मी गेलो. खाणीच्या तळाशी उरलेसुरले दगड पडले होते आणि मामा त्यांच्यामधून फिरत होते, ठोकत होते, कान लावत होते. पोकलेनवाला बिडी ओढत बसला होता, मधूनमधून म्हणत होता, "चाचा, जल्दी करो, कल सब अंदर जाएगा." उन्हं उतरायला आली तरी मामांना एकही दगड पसंत पडेना. शेवटी ते एका ढिगावर मटकन बसले. आजवर त्यांना दगडाची अशी वानवा कधी पडलेली मी पाहिली नव्हती.

तेवढ्यात रिक्षा आली आणि मामी उतरल्या. एवढ्या वर्षांत त्या खाणीवर पहिल्यांदाच येत होत्या. पदर खोचून त्यांनी एकवार सगळीकडे पाहिलं आणि सरळ एका दगडावर जाऊन उभ्या राहिल्या. "यो घ्या."

"त्याच्यात शीर हाय," मामा बसल्या जागेवरून म्हणाले. "बघ, पांढरी. कवातरी तिथून फुटंल."

मामींनी साडी अर्ध्या पोटरीपर्यंत वर धरली. उभ्याने कामं करून पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं झालं होतं. "माझ्या पायात बी शिरा हायत. फेकून दिलं का मना?"

मामा उठले, दगडाला हात लावला, पण ठोकला मात्र नाही. मग पोकलेनवाल्याला खूण केली.

दगड मागच्या दारी बसला. मामींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि पहिल्या दिवशी आळीतल्या बायका धुणं घेऊन आल्या होत्या म्हणे. महिन्याभराने मी गेलो तेव्हा मामी दगडावर नुसत्याच बसल्या होत्या. मुलाने घेतलेलं वॉशिंग मशीन आत घरघरत होतं. मी म्हटलं, "काय मामी, दगड मिळाला ना मनासारखा?"

"मिलाला," त्या म्हणाल्या. "पन धुवू काय त्याच्यावर? पोरांची कापडं मशीनमधी. यांची आपटायची म्हनून दगड मागितला व्हता. खानीवरून यायचे तर सदऱ्याचा रंग कलायचा न्हाय, येवरी धूल. आता दिवसभर घरात. सकाली घातलेला सदरा संध्याकाली तसाच पांढरा." आणि त्या हसल्या. मामा दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं असावं, पण पाणी प्यायला म्हणून आत गेले.

परवा मी टेम्पो घेऊन कोनच्या नाक्यावरून चाललो होतो, तर भर उन्हात रस्त्याच्या अगदी कडेला मामा उभे. हातात पिशवी नाही, कुणाची वाट पाहतायत असंही दिसेना. समोरून खडीचे डंपर धुरळा उडवत जात होते आणि मामांचा पांढरा सदरा पार राखेच्या रंगाचा झाला होता. मी टेम्पो थांबवला आणि म्हटलं, "मामा, चला, घरी सोडतो."

मामांनी एकदा सदऱ्याकडे पाहिलं, बाही जरा पुढे ओढली आणि म्हणाले, "थांबा वाईच. अजून दोन डंपर जाव द्या."