शारदाकाकूंचा गोळ्यांचा डबा

शारदाकाकूंच्या घरात एखादी वस्तू संपली, असं आमच्या टी. टी. नगरच्या क्वार्टर्समध्ये कुणी कधी ऐकलं नाही. साखर मागा, सुईदोरा मागा, मिळणारच. तशाच अँटिबायोटिकच्या गोळ्या. डॉक्टरांनी सात दिवसांच्या दिल्या की तिसऱ्या दिवशी बरं वाटायचं, उरलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायच्या. शेजारणीही आपल्या आणून द्यायच्या. लघवीला जळजळ होतेय म्हणून कुणी दारात आलं की काकू कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या हातावर ठेवायच्या. मी बिट्टन मार्केटजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, तरी मीही दोनदा घेतल्या आहेत. तेव्हा शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही.

मार्चमध्ये त्यांचे यजमान, सुधाकरकाका, एकाएकी बरळायला लागले. बसल्या जागी नागपूरच्या घराचा पत्ता विचारायचे आणि दिवसातून वीसदा बाथरूमला जायचे. मुलगा समीर फोनवर "साठी बुद्धी नाठी" म्हणून हसला. मला हसू आलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत इन्फेक्शन झालं की कधीकधी जळजळ होतच नाही, आधी डोकं भरकटतं.

"काकू, उद्या सकाळी लघवीचा नमुना द्या," मी म्हटलं. "कल्चर करू. कुठला जंतू आहे आणि कशाने मरतो ते कळेल."

"बाप्पा, इतकं काय करून राहिली तू? गर्मी झाली असेल त्यांना," काकू म्हणाल्या. पण बाटली घेतली आणि तीन दिवसांनी भरून दिली.

लॅबच्या फॉर्मवर एक रकाना असतो: आधी काही औषध घेतलंय का? घरच्या माणसाला काय विचारायचं, म्हणून मी आपल्या हाताने 'नाही' लिहिलं. त्या 'नाही'ची मला अजून चीड येते.

कल्चरच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन नाही, वयाचा परिणाम असेल. काकूंनी देवापुढे साखर ठेवली आणि मलाही दिली. काका खिडकीशी बसून पत्ता विचारतच होते.

रिपोर्टनंतर नवव्या दिवशी काकांना हुडहुडी भरली. पलंग हलत होता. कमरेला हात लावू देईनात. दवाखान्यात पुन्हा नमुना घेतला, आणि या वेळी प्लेट जंतूंनी भरून गेली. रिपोर्टमध्ये चौदा औषधांची नावं होती. त्यातली तेरा औषधं या जंतूंना मारत नव्हती. उरलं एक इंजेक्शन, तेही किडनीला जड, आणि काकांची किडनी आधीच सुजलेली.

मी रिपोर्ट घेऊन वॉर्डात गेले तर काकूंच्या मांडीवर तो डबा. घरी काय काय दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. काकू एकेक पट्टी काढून मला नाव वाचायला लावत होत्या. मी रिपोर्टवर बोट ठेवायची. हे चालत नाही. हेही नाही. डब्यातलं एकही चालत नव्हतं.

"तुला बाटली द्यायच्या आधी तीन दिवस दिल्या होत्या गं मी," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुझ्या लॅबमध्ये जाणार, तर रिपोर्ट अच्छा यावा म्हणून."

पाहुणे येणार म्हणून घर झाडावं, तसं त्यांनी केलं होतं. गोळ्यांनी जंतू तेवढ्यापुरते दबले म्हणून पहिली प्लेट कोरी आली, आणि मागे उरले ते गोळ्यांना न जुमानणारे. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही, कारण तो रकाना मी भरला होता.

इंजेक्शनचा आज तिसरा दिवस. ताप उतरलेला नाही, लघवीच्या पिशवीत दिवसभरात जेमतेम दोन बोटं पाणी. दुपारी काकांनी डोळे उघडले, आणि कितीतरी दिवसांनी काकूंना नावाने हाक मारली.

"शारदा, तुझ्या डब्यातली एक दे ना. तिनेच मला बरं वाटतं."

काकूंनी भरलेल्या डब्यावर पदर ओढला.

"संपल्या हो," त्या म्हणाल्या.