कुंदा सिस्टर, माझी आई आणि ती खाजेची ट्यूब

कुंदा सिस्टर काल गेल्या, आणि अंत्ययात्रेतली गर्दी बघूनसुद्धा माझा जळफळाट झाला.

लिहायला लाज वाटतेय. पण गोड गोड लिहिणार नाही. ते सकाळपासून फेसबुकवर बाकीच्यांनी लिहिलंच आहे.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. सिस्टर आमच्या उपकेंद्राच्या नर्स. मी धसईत मेडिकल चालवतो.

माझ्याकडे लोक औषध घ्यायला यायचे. त्यांच्याकडे मन मोकळं करायला.

बाजाराच्या दिवशी त्या मुरबाडच्या एसटीची वाट बघत माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसायच्या. दोन मिनिटांत गराडा! कोणी बाही वर करतंय, कोणी लेकराची मान दाखवतंय. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तर बायका चिखल्या झालेले पायच पुढे करायच्या.

पायरी माझी, पंखा माझा, आणि ओपीडी ह्यांची!

माझ्याकडे काय यायचं? रिकाम्या ट्यूब.

आमच्याकडे खाजेच्या ट्यूबचं नाव कोणाला ठाऊक नसतं. संपली की धसईला निघालेल्या कोणाच्याही हातात ती चपटी ट्यूब द्यायची, "अशीच आण." मी बघायचो आणि तशीच द्यायचो. नायटा असो, खरूज असो, सगळ्यांना तीच. डॉक्टरची चिठ्ठी कोण मागतो? दोन दिवसांत खाज थांबायची. लोक खूश, मी खूश.

आणि सिस्टर पायरीवरून मला ऐकू येईल अशा आवाजात सांगायच्या, "ती ट्यूब नको गो. त्यात स्टिरॉइड हाय. खाज थांबते, नायटा जात नाय. आतल्या आत पसरतो."

एकदा मी काउंटरवरून ओरडलोच, "सिस्टर, माझं दुकान बंद पाडायचंय का?"

"दुकान चालू ठेव रे महेश. ट्यूब बंद कर."

सगळी पायरी हसली. मी आठ दिवस धुमसत होतो. डी.फार्म. मी केलंय, आणि ह्या मला शिकवणार?

मग दोन वर्षांपूर्वीची दुपार. मी जेवायला घरी आलो तर कुंपणावर सगळ्या गोधड्या वाळत घातलेल्या. अंगणात चुलीवर मोठं पातेलं, त्यात कपडे उकळतायत. पडवीत सिस्टर. समोर माझी बायको आणि दोन्ही मुली रांगेत.

आणि आई, पाठ करून बसलेली.

मानेपासून कमरेपर्यंत लालभडक. नायट्याची गोल कड असते ना, ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते तेच कळेना.

आई आठ महिने माझ्याच दुकानातली ट्यूब लावत होती. रिकामी ट्यूब शेजारच्या वहिनींच्या हातून यायची. दर वेळी नवी मीच दिली होती, माझ्या ह्या हातानं.

"आई, मला नाय सांगायचं?"

"तुला काय सांगू? तू तीच ट्यूब दिली असतीस."

त्याआधीच सिस्टर तिला दोनदा मुरबाडच्या डॉक्टरांकडे नेऊन आल्या होत्या. मला वाटत होतं आई मावशीकडे जाते.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "महेश, शर्ट काढ."

"मला काय नाय झालेलं."

"काढ म्हणते ना."

काढला. पँटच्या पट्ट्याखाली गोल फिरलेला नायटा. दीड वर्ष जुना. मीही तीच ट्यूब चोपडत होतो, खाज थांबली की सोडून देत होतो.

"अंग कशानं पुसता तुमी?"

आमच्या न्हाणीच्या दारावर एकच पंचा. सगळ्या घराला. आजपर्यंत कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

म्हणजे मीच. गावाला औषध विकणारा मी, घरात नायटा वाटत होतो.

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरांनी लिहून दिलंय तेच, ज्याला ज्याला हाय त्यानं आजपासून लावायचं. डाग गेले तरी दोन आठवडे लावायचं. पंचे वेगळे, कपडे कडक उन्हात. खाज थांबली म्हणून कोणी सोडायचं नाय."

मला वाटलं, संपलं. पुढच्या बाजारात आपली अब्रू पायरीवर मांडली जाणार.

त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. कोणालाच, कधीच. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं हो, मला त्यांचा मनसोक्त राग राग तरी करता आला असता.

चिठ्ठीशिवाय ती ट्यूब देणं मी बंद केलं. तर लोक म्हणाले, सिस्टरनी महेशला सुधारला. घ्या! त्याचंही श्रेय त्यांनाच!

पण खरं सांगू? मला डाचत होतं ते गिऱ्हाइकाचं नव्हतं. एका घरात राहून, एका ताटलीतला भाकरतुकडा खाऊन माझ्या आईनं मला पाठ दाखवली नाही. सिस्टरना दाखवली. हे मला आजपर्यंत पचलेलं नाही.

काल स्मशानातून आलो, आंघोळ केली. आई जेवली नव्हती. ओट्यावर बसली होती. मला बघून पदर सारला आणि पाठ केली.

"खाज येते रे. बघ जरा."

मी चष्मा लावला. मोबाइलची टॉर्च लावली. किती दिवस येते, घाम आल्यावर वाढते का, सगळं रीतसर विचारलं. पाठ स्वच्छ होती. साधं घामोळंही नव्हतं.

"आई, काय नाय. साफ आहे."

"लांबून काय बघतोस? हात लाव की. कुंदा लावायची."

लावला.

तिचे खांदे हलायला लागले. मीही तिच्या पाठीवर डोकं टेकून रडलो.

सिस्टर, मी तुमच्यावर अजून जळतो. पण आईची काळजी करू नका, तिला मी बघतो.

जळत्या मनानं का होईना, तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.