मोरीमागची केळ

चारकोपच्या सेक्टरात लवू घाडीची बैठी खोली. मोरीच्या मागे दोन-तीन हात जागा रिकामी होती. तिथे लवूने केळ लावली, तेव्हा शेजारच्या सुंदराबाई म्हणाल्या, "अहो, इथे माणसाला धड पाय पसरायला मिळत नाहीत, आणि तुम्ही बागा कसल्या करताय?"

लवू नुसता हसला. तो असाच. बावीस वर्षं गिरणीत साच्यांवर कापड विणण्यात गेली. त्या खडखडाटात बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही, म्हणून बोलायची सवयच मोडली. मग संप झाला, नोकरी गेली, लालबागची खोली विकून मंडळी इथे आली. कानातला खडखडाट तेवढा बरोबर आला.

केळीचं पिल त्याने कुडाळहून आणलं होतं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. मोरीच्या पाण्यावर ते असं काही तरारलं, की वर्षाच्या आत पान पत्र्यावरून डोकावायला लागलं. लवू जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खोकी बांधायचा. दुपारी जेवायला घरी यायचा आणि जेवण झालं की केळीखाली पाट टाकून बसायचा. काय करायचा? काही नाही. पानातून हिरवा उजेड खाली यायचा, हाताला, पायाला, बनियनला हिरवा रंग चढायचा. वाऱ्याने पानं फडफडली, की त्याला साचेखातं दिसायचं. राजाराम, दशरथ, शरच्चंद्र, सगळे आपापल्या साच्याशी उभे, धोटा इकडून तिकडे पळतोय, आणि कापड पाण्यासारखं उतरतंय. फक्त आवाज नसायचा. माणूस बसल्या बसल्या कुठल्या कुठे जायचा! बायकोने, शेवंतीने, दोन हाका मारल्याशिवाय परत यायचा नाही.

त्यात लेकीचं, कुंदाचं लग्न ठरलं. मुलगा मुलुंडचा, तारीख वैशाखातली. आयुष्यात कधी काही न मागणाऱ्या लवूने एकच गोष्ट बोलून दाखवली. "मांडवाच्या दारात आपल्या केळीचा घड लागायला पाहिजे. विकतचा नको. बापाने पोरीला काहीतरी स्वतःच्या हातचं द्यावं की नाही?"

द्यावं, पण केळ व्यायला हवी ना! दिवाळी आली तरी घडाचा पत्ता नाही. केळीभोवती मात्र पिलांची ही गर्दी. एक, दोन, चार करता करता नऊ.

शेवंती कोकणातल्या शेतकऱ्याची लेक. तिला कारण दिसत होतं. "अहो, ही पिला काढा. नऊ जणा आवशीच्या अंगावर पितत, मगे घड खंयसून येतलो?"

लवू ऐकेना. कोयता हातात घ्यायचा, पिलाशी वाकायचा आणि परत ठेवून द्यायचा. शेवंती चिडली. "पोरीच्या लग्नाची वाट लावतलास तुम्ही!"

तेव्हा लवू बोलला. "तेंनी काय गुन्हो केल्यानी? आली, उभी रवली, आपला काम करतत. आणि एक दिवस जाऊन तेंका सांगू, तुमची गरज नाय?"

शेवंतीचा राग तिथल्या तिथे विरला. गिरणीच्या फाटकावर लागलेली, कामावरून काढलेल्यांची ती यादी, त्यात शोधलेलं नाव, घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून बसलेला हा माणूस, सगळं तिला आठवलं. ती जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काढून टाकू नकात. दुसरीकडे कामाक लावा."

बस्स. लवूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढच्या रविवारी त्याने एकेक पिल मुळासकट उकरलं, गोणपाटात गुंडाळलं आणि निघाला. एक मानखुर्दला राजारामकडे, एक पवईला दशरथकडे, एक शरच्चंद्रकडे. साचेखात्यातली विखुरलेली माणसं त्याने पाच रविवारांत हुडकून काढली. प्रत्येकाच्या दारात खड्डा खणला, प्रत्येकाकडे चहा प्याला. अबोल माणूस, पण राजारामच्या बायकोला मोरीचं पाणी कसं वळवायचं यावर त्याने अर्धा तास भाषण दिलं म्हणे! आठ पिलं कामाला लागली. एक त्याने आईपाशी, मोठ्या केळीपाशी ठेवलं.

आणि माघात केळीने आखूडसं पान टाकलं, फुलाआधीचं शेवटचं. शेवंती ओरडलीच, "अहो, इला! केळफूल इला!" जांभळं, जड केळफूल खाली झुकलं. एकेक पाकळी उचलली जायची आणि आत इवल्या केळ्यांची फणी. लवू रोज फण्या मोजायचा. सात झाल्या, तेव्हा त्याने सुंदराबाईंनासुद्धा बोलावून दाखवल्या.

लग्नाच्या आठवडाभर आधी खालच्या तीन फण्या उतरवून तांदळाच्या डब्यात पिकायला घातल्या. लग्नाच्या पहाटे लवूने केळीच्या बुंध्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवूनच राहिला, आणि एका घावात केळ आडवी केली. घरासमोरच्या मांडवाच्या दाराशी एका बाजूला बाजारातला केळीचा खुंट आणि दुसऱ्या बाजूला लवूची केळ, घडासकट. जुने साचेवाले तिच्याखालीच खुर्च्या टाकून बसले. राजाराम सगळ्यांना सांगत होता, "माझ्या पोराने पाच पानं टाकली, पाच!" लवूने सगळ्यांना पिकलेली केळी वाटली. किती वर्षांनी ही माणसं खिदळत होती.

संध्याकाळी पाठवणीला टॅक्सी उभी राहिली. कुंदा वाकून नमस्कार करून उठली आणि म्हणाली, "बाबा, सगळ्यांना दिलंस. मला?"

लवू मोरीमागे गेला. आईपाशी ठेवलेलं शेवटचं पिल तेवढं तिथे उभं होतं. त्याने ते उकरलं. कोयता लागला तिथून चीक ठिबकत होता. गोणपाटात गुंडाळून त्याने ते टॅक्सीत बसलेल्या कुंदाच्या मांडीवर ठेवलं.

"अहो, शालूक डाग पडतलो! केळीचो डाग जन्मात जाणा नाय!" शेवंती धावली.

"पडू दे गं आई," कुंदा म्हणाली आणि तिने पिल पोटाशी धरलं.

लवू खिडकीत वाकला. "मोरीचं पाणी घाल. आणि पिलं आली की काढ हो बाय. लोकांना दे. धरून ठेवलं की घड येत नाही." गिरणी गेली तेव्हा न रडलेला लवू घाडी भर रस्त्यात, साचेवाल्यांदेखत, ढसाढसा रडला.

टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा शेवंती मोरीत गेली. पाय धुतलेलं घंगाळभर पाणी तिने सवयीने मागच्या रिकाम्या खड्ड्यात ओतलं.