धनवंताबाईची कुडती

हन्नेच्या प्रार्थनेवर मी आजवर पुष्कळ प्रवचनं ऐकली. त्यांतलं एकही मला शेवटपर्यंत बसून ऐकवलं नाही. सांगणारे चांगलेच असतात. बायबलातली, म्हणजे आमच्या शास्त्रातली, ती मूलबाळ नसलेली बाई, तिला टोचून बोलणारी सवत, मंदिरात बसून तिनं मनातल्या मनात केलेली विनवणी, सगळं रंगवून सांगतात. तिचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता, म्हणून एली याजकाला ती प्यायलेली वाटली. तिनं खरं काय ते सांगितलं, एलीनं आशीर्वाद दिला, मुलगा झाला आणि नवस केल्याप्रमाणे तिनं तो देवाच्या सेवेला देऊन टाकला. एवढं झालं की पाद्रीसाहेब शास्त्र मिटतात आणि यातून आपण काय शिकायचं ते सांगू लागतात. मला तेव्हा चिचगडची धनवंता आठवते आणि मी उठून बाहेर जाते. लोकांना वाटतं, बाईंचं डोकं दुखत असेल.

माझे वडील चैतराम मास्तर चिचगडला मिशनचे प्रचारक होते. आम्ही मूळचे गोंदियाचे. रानातल्या त्या मुलखात मूठभर घरं ख्रिस्ती झाली होती. त्यांच्यासाठी कुडाच्या भिंतींचं, गवतानं शाकारलेलं प्रार्थनाघर होतं. वडील स्वभावानं मऊ, पण एका बाबतीत फार कडक. मोहाची दारू प्यायलेल्या माणसाला ते आत पाऊल टाकू देत नसत. रविवारी दारात उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडता जोडता हळूच वास घ्यायचे. आई हसायची. म्हणायची, "तुम्ही प्रचारक आहात का नाक्यावरचे शिपाई?"

धनवंता ही दसरूची बायको. नवराबायको दोघंही ख्रिस्ती झालेले, दसरूची म्हातारी आई मात्र आपल्या जुन्या देवांना धरून होती. लग्नाला बरीच वर्षं होऊनही धनवंताची कूस उजवली नव्हती. म्हातारीनं दसरूसाठी दुसरी बायको पाहून ठेवली होती, आणि दसरू नाही म्हणायचा खरा, पण दिवसेंदिवस त्याचं ‘नाही’ हळू होत चाललं होतं. अशा दिवसांत, चैत्राच्या एका रविवारी वडिलांनी हन्नेची गोष्ट सांगितली आणि तिच्या प्रार्थनेतून घ्यायचे चार धडे सांगितले. दुःख देवापुढे मोकळं करावं, टोचणाऱ्याला उलट बोलू नये, विनवणी केल्यावर विश्वासानं उठून जेवावं, आणि बोललेला शब्द पाळावा. वडिलांना धडे चारच लागत, तीन झाले की चौथा कुठून तरी आणत.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपली, माणसं बाहेर पडली, तरी धनवंता कोपऱ्यात बसून राहिली. डोळे मिटलेले, अंग डोलतंय, ओठ हलतायत. वडील जवळ गेले तर मोहाचा भपकारा आला. दारातल्या गर्दीत त्यांच्या नाकाखालून ती कशी निसटली कोण जाणे, म्हणून ते जास्तच चिडले. बाहेरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धनवंता, देवाच्या घरात पिऊन येतेस? लाज नाही वाटत?"

तिनं डोळे उघडले. "नाई पेली जी, मास्तर. पहाटेपासून मोहा येचून राहिली होती, तशीच इकडं आली. लुगड्याले वास हाय."

चैत्रात त्या रानातली प्रत्येक बाई उजाडायच्या आधी टोपली घेऊन मोहाखाली जाते. फुलं वेचून लुगडं, हात, केस सगळ्यांना तो गोड वास लागतो. तिथे जन्मलेल्या माणसाला फुलं कुठली आणि दारू कुठली हे लगेच कळतं. आम्ही शहरातली माणसं, आम्हाला सगळं एकच.

"मग पुटपुटत काय होतीस?" वडिलांनी विचारलं.

"तुमीच सांगतला ना मांगच्या ऐतवारी. त्या बाईवानी मांगून राहिली होती."

वडिलांचा चेहरा उतरला. आठवडाभरापूर्वी ज्यांनी एलीची चूक समजावून सांगितली, त्यांनी तीच चूक जशीच्या तशी केली होती. दारात माणसं उभी होती. काहीतरी बोलून सुटायला हवं होतं, आणि तोंडात जे आलं ते एलीचंच वाक्य होतं. म्हणाले, "शांतीनं जा. देव तुझं मागणं पुरं करील."

ते शरमेपोटी बोलले. तिनं ते देवाचं बोलणं म्हणून घेतलं.

पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला. हन्नेच्या मुलाचंच नाव, शमुवेल, ठेवलं, गावात सगळे समू म्हणायचे. तो आणि मी एकाच वयाचे, एकाच अंगणात वाढलो. काळासावळा, गोल डोळ्यांचा, हसला की पोट हलायचं. दसरू त्याला खांद्यावर बसवून बाजारभर हिंडवायचा. दुसऱ्या बायकोचं नाव म्हातारीनंही सोडून दिलं. आणि समूचं दूध तुटल्याबरोबर धनवंता त्याला कडेवर घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"घ्या जी," ती म्हणाली. "मी देवाले बोलली होती. देशील तर तुलेच वापस देईन."

वडील गडबडले. देवाला द्यायचं म्हणजे मिशनच्या बोर्डिंगला. ते आमगावहून आगगाडीनं पूर्वेकडे पुष्कळ लांब होतं आणि तिथे एवढी लहान मुलं घेत नसत. तेवढ्या सबबीवर त्यांनी तिला परत पाठवलं. खरं तर तेव्हाच सांगायचं होतं, की बाई, हे जुन्या काळचं आहे, मूल घरात वाढवूनही देवाचं होतं. आई त्यांना रोज म्हणायची, सांगून टाका. ते म्हणायचे, सांगतो. पण सांगायचं तर त्या दिवशीचा आशीर्वाद लाज झाकायला दिला होता हेही सांगावं लागलं असतं, आणि गाव तर मास्तरांच्या शब्दानं पोर झालं म्हणून त्यांच्या पाया पडत होतं. माझे वडील वाईट नव्हते. पण तेवढं एक वाक्य त्यांच्याकडून बोलायचं राहिलं ते राहिलंच. याचा मला अजून राग येतो.

समू थोडा मोठा झाला आणि बोर्डिंगला गेला. दसरू निरोप द्यायला आला नाही, रानात निघून गेला. धनवंता आमगावपर्यंत पायी पोचवायला गेली, येताना एकटी आली, आणि आल्या आल्या धान निंदायला बांधीत उतरली.

हन्ना दरवर्षी शमुवेलसाठी लहानसा झगा शिवून नेई, असं शास्त्रात आहे. हेही धनवंतानं ऐकून ठेवलं होतं. धान कापून झालं की ती एक कुडतं हातानं शिवायची आणि नाताळाला घेऊन जायची. पोर वर्षातून एकदाच दिसायचं, त्यामुळे माप अंदाजानं. मला अंगणात उभं करायची, माझ्या खांद्यावर कापड धरायची आणि म्हणायची, "तुझ्याहून चार बोटं उंच असंन नाई गा, सुलोचना?" मी हो म्हणायची. कुडतं दरसाल थोडं मोठं व्हायचं.

मग मानमोडीचं साल आलं. एकोणीसशे अठरा. त्या तापानं आमच्याकडची घरंच्या घरं ओस पाडली. दसरू त्यातच गेला. बोर्डिंगमध्येही मुलं गेली आणि त्यांत समू होता. देवरीहून आलेल्या माणसानं वडिलांना हे दिवाळीच्या सुमाराला सांगितलं. वडील घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. धनवंता तेव्हा नुकती विधवा झालेली, आणि ओसरीत बसून कुडत्याच्या बाह्या शिवत होती. त्यांना सांगवेना. नाताळ आला तेव्हा ते तिच्याबरोबर आमगावला चालत गेले, आणि गाडीची घंटा झाल्यावर फलाटावर त्यांनी तिला सांगितलं.

वडील म्हणत, ती रडली नाही. कुडतं उलगडून बघत राहिली. मग विचारलं, "आता हा कोनाले होईल?" आणि तशीच गाडीत चढली. बोर्डिंगमध्ये तिनं एकेका पोराच्या पाठीला ते लावून पाहिलं, ज्याला बरोबर आलं त्याला घातलं आणि परत आली.

खूप वर्षांनी वडील अंथरुणाला खिळले. धनवंता रोज येऊन त्यांचे पाय चेपायची. एका दुपारी त्यांनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. "तो आशीर्वाद देवाचा नव्हता, धनवंता. मला लाज वाटली म्हणून बोललो. आणि पोर देऊन टाकलंच पाहिजे असंही काही नव्हतं." मी दारात उभी होते. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या मास्तर. शास्त्रातल्या बायका तसंच म्हणतात.

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तवा काऊन नाई सांगतला जी? मंग मी त्याले नसता धाडला."

एवढंच बोलली. त्यांना पाणी पाजलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी पाय चेपायला पुन्हा आली, पण त्यावर कधी अक्षर बोलली नाही. वडील त्यानंतर जेमतेम वर्षभर जगले. भेटायला येणारे आपलं दुःख सांगायचे, तेव्हा देव तुझं ऐकेल असं ते कोणालाही म्हणाले नाहीत. मीही तुझ्याबरोबर मागतो, एवढंच म्हणायचे. हन्नेच्या प्रार्थनेतला हा पाचवा धडा त्यांनी प्रवचनात कधी सांगितला नाही, म्हणून मी सांगते आहे.

धनवंताबाई अजून आहे. चैत्रात मोहाचा वास घेऊन येते, त्याच कोपऱ्यात बसते, ओठ हलवते. काय मागते ते विचारायचा मला धीर होत नाही. दर नाताळाला ती कुडतं शिवते. आता आमगावपर्यंत तिला चालवत नाही, म्हणून ते माझ्याकडे देते आणि मी बोर्डिंगला पोचवते. ते आता मोठं होत नाही, दरवर्षी त्याच मापाचं असतं. आणि त्या मापाचं एखादं पोर तिथे दरवर्षी असतंच.