एका दमातलं उत्तर

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं.

पनवेलला मी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास घेत असे. उरणची एक मुलगी कबड्डीच्या सरावावरून थेट वर्गात यायची. गुडघ्यांना माती, बोटांना चिकटपट्ट्या. खेळात इतकी बुडालेली मुलगी चांगले मार्क मिळवते, हे मला खटकायचं. त्या पट्ट्यांवर काही लिहिलंय का, हेही मी चोरून पाहिलं होतं.

सगळ्यात हुशार मुलांच्या पहिल्या बॅचची निवड ज्या चाचणीवर ठरणार होती, त्या चाचणीत या मुलीचे ओठ हलताना दिसले. ती शेजारणीला उत्तरं सांगतेय असं समजून मी पेपर ओढून घेतला.

"नाय सर, मी कोनाला सांगत नाय. एका दमात म्हनते, मंग आठवतं."

"नाटकं पुरे," मी म्हणालो. वर्ग हसला. ती उठून गेली.

तिच्या प्रशिक्षकांकडे तक्रार करायला दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो. ती चढाईला निघाली होती. 'कबड्डी'ऐवजी मेंदूच्या नसांची नावं न थांबता म्हणत होती. समोरच्या पोरी ओरडल्या, "ए डॉक्टरीन, कबड्डी बोल ना गो!"

मला पाहून ती धापा टाकत आली. "सर, काय काम होतं?"

'चुकलो, पोरी. उद्यापासून पहिल्या बॅचला ये,' एवढंच म्हणायचं होतं.

"काही नाही. सहज आलो होतो," मी म्हणालो.

ती पुन्हा क्लासला आली नाही. मीही बोलावलं नाही.