जित्या नवऱ्याची विधवा

शिवणयंत्र चालवता चालवता गाणी जुळवायची, ही थोरल्या सुनेची जुनी सवय. धाकट्या दिराने मात्र तिला प्रसिद्ध करायचा विडाच उचलला होता.

“वहिनी, मुखडा आधी घ्या, देवाचं नाव मागून. फोनवर लोक थांबत नाहीत. आणि गाताना जरा रडा.”

तिने साफ नकार दिला, तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता.

त्या सकाळी ब्लाउज न्यायला आलेली शेजारीण तिला बघून गहिवरली. “कधी गेले हो ते? कळवलंसुद्धा नाहीत.”

‘ते’ आत मोडलेला पाय उशीवर ठेवून चहा पीत होते. दिराने तिच्या गाण्याचा व्हिडिओ परस्पर फोनवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘नवरा गेला, पण विधवेने गाणं सोडलं नाही.’ सख्ख्या भावाला मारताना याचे हात कसे झडले नाहीत, देव जाणे.

तिने दिराचा फोन हिसकावून नवऱ्यापुढे धरला. त्याने शांतपणे वाचलं.

“दादा, सहानुभूतीशिवाय नव्या गायकाला कोण विचारतं?” दीर गुरगुरला.

“मग तू मर. तुझ्या नावानं टाकू,” नवरा म्हणाला.

दिराने तणतणत व्हिडिओ काढून टाकला. “वहिनी, यापुढे मला काही विचारू नका.”

“विचारलं कधी होतं?” म्हणत तिने त्याच्यामागे दाराला कडी घातली.