मामाची जागा

माझा भाऊ परदेशात असतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत डॉलर चमकतात. डोंबल! तो तिकडं हौसेनं गेला नाही, जीव घेऊन पळाला. जातीबाहेरच्या मुलीशी लग्न केलं, तर तिच्या चुलत्यानं आणि भावांनी कुंभार पिंपळगावच्या भरबाजारात त्याचं डोकं फोडलं. पुन्हा दिसलास तर खलास, म्हणाले. पुढं तिकडच्या सरकारनं दोघांना आसरा दिला.

त्या आसऱ्याची गोम मला फार उशिरा कळली. जिथं जिवाला धोका आहे म्हणून आसरा मागितला, तिथंच स्वतःहून गेलास, तर परतताना विमानतळावर विचारणार, मग धोका कुठं होता? दिलेला आसरा काढूनही घेतील. तो दाराबाहेर, आणि तिकडं दाराच्या आत त्याची बायको अन् मी कधी मांडीवर न घेतलेली भाची.

असं असताना माझ्या लेकीचं लग्न ठरलं. आमच्यात मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. लेकीनं याच मामाच्या खांद्यावर बसून अख्खं अंबड बघितलेलं. ती फोनवर त्याला एवढंच म्हणाली, "मामा, माझ्या मागं कोण उभं राहणार?"

काही दिवस त्याचा फोनच नाही. मंग एका सकाळी आला.

"ताई, येऊन राह्यलो. जुना पासपोर्ट चालू हाय अजून. तिकीट काढलं."

"आन् परत जाताना?"

"बघू."

त्या 'बघू'वर मी येडीखुळी झाले. जालन्याला गेले, मस्तगडच्या बाजारात त्याच्यासाठी गुलाबी फेटा घेतला. आईला सांगितलं, पण कुणालाच बोलायचं नाही या बोलीवर. आई खरंच कुणाला बोलली नाही. तिनं फक्त पत्रिकेत त्याचं नाव छापायला लावलं. मामाच्या नावाबिगर पत्रिका देवीपुढं ठेवायची नाही, म्हणून अडूनच बसली. माझ्या नवऱ्यानंही मुकाट्यानं छापून आणलं, ठळक अक्षरांत. ती पत्रिका मोबाइलवरून जिल्हाभर गेली.

आणि अंबडच्या बसस्टँडवर भावजयीचा तोच चुलता समोर आला. हात जोडून गोड हसला.

"पाव्हणे येऊन राह्यले म्हणं लग्नाला. बरं झालं. आम्ही बी येतो भेटायला."

मी तशीच माघारी फिरले. घरी येऊन आईवर असली भडकले की शेजारीण दारात आली.  आई हळूच म्हणाली, "माझ्या लेकाचं नाव बी छापायचं न्हाई व्हय गं?"

भावाला फोन लावला.

"येऊ नको."

"ताई, तिकीट..."

"जाळ ते तिकीट! इथं तुला जिता ठेवणार न्हाईत, आन् वाचलास तर तिकडं दार लावतील. आलास तर मी तुझी बहीण न्हाई, सांगून ठेवते."

तो रडत होता. लहानपणी पडला तरी न रडणारा माझा भाऊ. मीही रडत होते, पण त्याला ऐकू जाऊ दिलं नाही.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "मंग माझ्या जागी कुणाला उभं करू नको. आन् पोरीला सांग, मागं वळून बघायचं न्हाई. मामा उभा हाय, असं समजायचं."

लग्नात चुलत मामा तयार होता. लेकीनं बिलकुल ऐकलं नाही. तिच्या मागची जागा मोकळी राहिली, फेटा आईच्या मांडीवर. सगळ्या मंगलाष्टका होईस्तोवर पोरगी मान ताठ करून उभी होती. अक्षता पडल्या, नवरदेवाला हार घातला, बँड वाजायला लागला.

आणि तिनं मागं वळून बघितलं.